म्हातारबाच्या डोंगराची सून

नारा लाप्तांदेरला आम्ही कुणी कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या टुंड्रात, उत्तरेच्या या बर्फाळ माळावर, मोठ्या माणसाचं नाव तोंडावर घेत नाहीत. ती सगळ्यांची 'पिरीची आई'. आता तिच्या मुलीनेच, पिरीनेच, 'नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल' म्हणून परवानगी दिली, म्हणून घेतो.

नाराचा नवरा तेताको गेला तेव्हा नद्यांवरचं बर्फ अजून फुटायचं होतं. हिवाळाभर तो खोकत होता. शेवटी विमानाने त्याला सालेखार्दच्या इस्पितळात नेलं, आणि तो तिकडेच राहिला. नंतर कुणीतरी सांगितलं की त्याला चांगली खाट दिली होती, अगदी खिडकीपाशी. ते ऐकून नाराला जास्तच लागलं. वाऱ्यात वाढलेला माणूस, त्याने काचेतून आभाळ बघत जीव सोडायचा म्हणजे काय!

मागे राहिली नारा, म्हातारी सासू आणि तेताकोची हरणं. पिरी गावातल्या निवासी शाळेत होती. ती उन्हाळ्यापुरती घरी यायची. तेताकोचा थोरला भाऊ पुब्ता हा सरकारी कळपाचा ब्रिगेडियर, म्हणजे आमचा मुकादमच. सभेत उभा राहून तो देवबिव सगळं झूट असल्याचं खणखणीत सांगायचा आणि घरी आला की पवित्र स्लेजवरच्या देवांच्या ओठांना आधी चरबी लावायचा, मग स्वतः जेवायचा. माणूस वाईट नव्हता. आपलं ते सगळं नीट एका ठिकाणी बांधून ठेवलेलं असावं, एवढाच त्याचा हट्ट.

एक दिवस तो नाराच्या चुमात, म्हणजे कातड्याच्या तंबूत, आला. थोरला दीर आत आला की सुनेने डोक्यावरची शाल तोंडावर ओढायची आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमची रीत. नाराने शाल ओढली. पुब्ता चुलीपलीकडे बसला आणि आपल्या आईशी बोलायला लागला.

"आई, तिला सांग, हा चूम आता मोडू या. माझ्या चुमात एका बाजूला जागा करतो. माझी बायको तयार आहे."

म्हातारी सुनेकडे वळली. "ऐकलंस?"

"त्यांना सांगा, ऐकलं," शालीच्या आतून आवाज आला. "त्यांची बायको तयार असेल. मी नाही."

"ती नाही म्हणते."

"मला ऐकू येतंय आई, मी काय बहिरा आहे?"

"मग तिच्याशीच बोल की. माझा चहा गार होतोय."

पुब्ताने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिला विचार, एकटी करणार काय?"

"त्यांना सांगा, उन्हाळ्यात ते दगडवाले येतात. त्यांचं सामान ओढायला हरणं द्यायचं यांनी कबूल केलं होतं. शब्द दिलेला आहे. स्लेज मी नेईन."

"बाईमाणूस? परक्या पुरुषांत?"

"त्यांच्यातही एक बाई आहे म्हणे," म्हातारी चहा फुंकत म्हणाली. हे मात्र तिला कुणी सांगायला लावलं नव्हतं.

पुब्ता उठला, टोपी घातली आणि दारातून वाकून जाताना कुणाकडेच न बघता म्हणाला, "हिला तूच बिघडवलीस."

दगडवाले म्हणजे लेनिनग्राडहून येणारी भूगर्भशास्त्रज्ञांची तुकडी. आमच्या टुंड्रात सपाट जमीन संपते तिथून डोंगर सुरू होतात, ते उत्तरेला थेट समुद्राच्या वासापर्यंत जातात. बाहेरचे लोक त्यांना उरल म्हणतात. आम्ही नुसतं 'दगड' म्हणतो. आम्ही त्यांच्या खोऱ्याखोऱ्यांतून कळप घेऊन जातो, उन्हाळ्यात डास टाळायला बर्फाच्या कडेला थांबतो. पण वर, माथ्यावर, कुणी कशाला जाईल? तिथे हरणाला खायला काही नाही. दगडवाल्यांना मात्र नेमकं तिथेच जायचं असायचं. त्यांच्या नकाशावर या डोंगरांच्या जागी बरंचसं पांढरंच होतं आणि ते भरायला ते दर उन्हाळ्यात यायचे.

त्यांच्यातली ती बाई म्हणजे आग्निया. नाराने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चष्म्याला दोरी बांधून, डासांची जाळी वर करून, एका दगडाला हातोडीने बडवत होती. बारीक अंगाची, नाक लाल. नाराने मनात म्हटलं, ही काही टिकायची नाही.

आग्निया टिकली. आमची भाषा शिकायचा तिने असा ध्यास घेतला की ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळायची. 'तुझी हरणं छान आहेत' म्हणायचं असायचं आणि तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं. नाराची रशियनही तशीच तोडकीमोडकी. पण दोघींचं जमलं. दिवसभर स्लेज गवतावरून, चिखलातून ओढत न्यायच्या, मुक्कामाला चूम उभारायचा, आणि मग आग्निया तुकडीचे तंबू सोडून नाराच्या चुलीपाशी येऊन बसायची.

"तुझा नवरा कुठे असतो?" एकदा नाराने विचारलं.

"सोडून गेला. म्हणाला, तुला माणसांपेक्षा दगड आवडतात."

"मग? खोटं बोलला का?"

आग्नियाने जरा विचार केला. "नाही."

"मग चांगला होता," नारा म्हणाली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

तुकडीचा प्रमुख शुबिन म्हणून होता. उंच, दाढीवाला, कामाला वाघ, बोलायला कमी. सामान ओढायला बाई आलेली बघून पहिल्या दिवशी त्याचं तोंड वाकडं झालं. मग एक भरलेला ओढा ओलांडताना त्याच्या घोड्याने त्याला पाण्यात टाकलं, आणि नाराची शेवटची स्लेज कोरडी पलीकडे गेली. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. ओल्या विजारीने शेकोटीशी बसून त्याने नाराकडे आणखी एक कप चहा मागितला, एवढंच.

त्या डोंगरांच्या ऐन मधोमध एक काळा, रुंद पाठीचा डोंगर आहे. लाप्तांदेर घराण्याचा तो पूर्वज. त्याचं खरं नाव बायका उच्चारत नाहीत. पुरुष त्याला 'वेसाको' म्हणतात, म्हणजे म्हातारबा. शरद लागला की घराण्यातले पुरुष त्याच्या पायथ्याशी जाऊन हरणाचा बळी देतात, शिंगं रचून ठेवतात. बाईने त्या शिंगांच्या ढिगापलीकडे पाऊल टाकायचं नाही. कळपाबरोबर जाताना बायकांच्या स्लेज लांबचा वळसा घालून नदीच्या पल्याडून जातात, मग कितीही चिखल असो.

"त्याचं नाव काय?" आग्नियाने पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं.

"मी घेत नाही."

"का?"

"सासरा आहे."

"डोंगर?"

"हो मग."

आग्नियाला हसू आलं. पण नाराचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "वर कुणी गेलंय कधी?"

"लोकांना दुसरी कामं असतात."

दोन उन्हाळे दगडवाले त्या डोंगराच्या आजूबाजूने फिरत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात नकाशावर मधोमध तेवढाच एक पांढरा ठिपका उरला. ऑगस्ट अर्धा उलटला होता, गवत लाल पडायला लागलं होतं. शुबिन घोडे आणि बाकीची माणसं घेऊन पश्चिमेच्या खोऱ्यात गेला. रेडिओही त्याच्याबरोबर गेला. म्हातारबाचं काम आग्नियाने मागून घेतलं. तिच्या मदतीला सेव्का नावाचा कोमी जमातीतला एक मजूर दिला, चाळिशीचा, धिप्पाड, गळ्यात क्रूस घालणारा.

नाराने आपला चूम ओढ्याच्या अलीकडे उभारला. पलीकडे शिंगांचा ढीग दिसत होता. तिने हरणांनाही तिकडे जाऊ दिलं नाही. सकाळी आग्निया पाठीला पिशवी लावून निघाली तेव्हा नारा चुमाच्या दारात उभी राहिली.

"जाऊ नकोस."

"नारा, मी तुमच्या घराण्यातली नाही. तो मला ओळखतसुद्धा नाही."

"म्हणून तर म्हणते. ओळख नाही, पाळख नाही, आणि सरळ दुसऱ्याच्या घरात शिरायचं? आणि तेही हातोडी घेऊन?"

"हातोडी हळूच मारीन."

"थट्टा करू नकोस."

आग्नियाने पिशवी खाली ठेवली आणि नाराचे हात धरले. "तीन वर्षं याच एका डोंगरापायी आलेय गं. आता पायथ्यावरून परत कशी जाऊ?"

नाराने हात सोडवून घेतले आणि आत निघून गेली. त्या सकाळी तिने आग्नियाला चहा विचारला नाही. ती गोष्ट तिला पुढे फार दिवस सलत राहिली.

दुपारी समुद्राकडून धुकं आलं. आधी माथा गेला, मग खांदे, मग ओढाच दिसेनासा झाला. धुक्यातून ओलं बर्फ पडायला लागलं. नारा हरणं जवळ बांधून बाहेरच बसून राहिली. बऱ्याच वेळाने ओढ्याच्या पाण्यात धपाधप पावलं वाजली आणि सेव्का आला. एकटा. तळहात सोलून निघालेले.

"दगड सरकला," तो धापा टाकत म्हणाला. "ती उतरत होती. मोठा धोंडा फिरला आणि पाय खाली सापडला. मी उचलायला गेलो तर वरचेही हलायला लागले. एकट्याचं काम नाही ते. एकाने धरायचं, एकाने ओढायचं."

"शुबिन?"

"त्याला गाठून आणेपर्यंत ती थंडीने जाईल."

एवढं बोलून तो थांबला. सेव्का याच टुंड्रात लहानाचा मोठा झालेला; शिंगांचा तो ढीग काय आहे हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याने खाली बघत म्हटलं, "तुला जमत नसेल तर तसं सांग, पिरीची आई. मी काठ्या घेऊन परत जातो. बघतो एकटाच."

"थांब," नारा म्हणाली.

ती चुमात गेली. आत सासूची रिकामी बैठक होती. म्हातारी त्या उन्हाळ्यात पुब्ताकडे राहिली होती. विचारायला कुणी नव्हतं. नारा पुढे सांगायची, 'आत गेले ती रडायला गेले होते. पण कुऱ्हाड दिसली, ती उचलली, मग दोर दिसला, तो उचलला, मग कातडं. हातात एवढं सगळं घेतल्यावर रडायचं कसं?'

तिने चार खच्ची हरणं स्लेजला जुंपली, हाकायच्या लांब काठ्या दोन घेतल्या आणि ओढा ओलांडला. शिंगांच्या ढिगापाशी तिने स्लेज थांबवली. तिच्या वेण्यांना पितळी कड्या आणि साखळ्या होत्या, लग्नात घातलेल्या, चालताना वाजायच्या. त्या तिने सोडल्या आणि एका जुन्या शिंगाला अडकवल्या. मग डोक्यावरची शाल पुढे ओढली, अगदी हनुवटीपर्यंत, घरात सासरा आल्यावर ओढायची तशी. आणि डोंगराशी बोलली.

"मी तेताकोची. पिरीची आई. बोलावणं नसताना आले. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. हरणांच्या वाटेला जाऊ नका, पोरीच्या जाऊ नका. मी मान वर करणार नाही. माझं माणूस तुमच्याकडे पडलंय, ते घेते आणि जाते."

सेव्का टोपी काढून बाजूला उभा होता. कुठे बघावं हे न सुचून तो हरणांकडे बघत होता.

डोंगराच्या कुशीत जुन्या बर्फाची एक जीभ खाली उतरलेली होती, तिच्यावरून स्लेज बरीच वर गेली. पुढे नुसते धोंडे. हरणं तिथेच बांधली आणि दोघं चालू लागली. शालीखालून नाराला पायापुढची वीतभर जागा तेवढी दिसत होती: काळं शेवाळ, ओला दगड, सेव्काच्या बुटांच्या टाचा. दगड पायाखाली डुगडुगायचे, आत कुठेतरी खोल पाणी वाहत असल्याचा आवाज यायचा. धुक्यात सेव्काला जागा सापडेना. तो थांबला, ओरडला. उत्तर नाही. आणि मग नाराला ऐकू आलं, टक्, टक्, टक्. आग्निया हातोडीने दगडावर ठोके देत होती. ओरडायची ताकद उरली नव्हती, पण हातोडी तिने सोडली नव्हती.

दोघं पोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

"तू?" ती म्हणाली. "तू का आलीस? तुला तर..."

"गप्प बस. मी तुझ्याशी बोलत नाही."

"आणि तोंड का झाकलंयस?"

"सासऱ्याच्या घरात आहे. आता हा पाय हलव. हलत नाही? बरं."

काठी धोंड्याखाली घातली. सेव्काने खांदा लावला आणि नाराने आग्नियाच्या काखेत हात घातले. पहिली काठी कडकन मोडली. वरून बारके दगड घरंगळत आले आणि तिघंही श्वास धरून थांबली. दुसरी काठी घालण्याआधी नाराने कुऱ्हाडीचं पातं फटीत ठोकलं, म्हणजे धोंडा उचलला की परत बसू नये. सेव्काने जोर केला, त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. धोंडा बोटभर उठला. नाराने ओढलं. आग्निया अशी किंचाळली की खाली बांधलेली हरणं दचकल्याचं त्यांच्या गळ्यातल्या घंटांवरून कळलं. पण पाय सुटला.

मोडलेल्या काठीचे तुकडे पायाला दोन्हीकडून लावून बांधले. आग्नियाला कातड्यात गुंडाळली, दोर अंगाभोवती घेतला. सेव्का वरून दोर धरून सावकाश सोडत होता आणि नारा खालच्या बाजूने कातडं ओढत, डोंगराकडे तोंड करून उलटी उतरत होती. प्रत्येक पाऊल मागे चाचपून टाकायचं. मध्ये एकदा आग्निया दातावर दात वाजवत म्हणाली, "नारा, पिशवी वर राहिली. दगड."

"राहू देत. ज्याचे आहेत त्याच्याकडे राहिले."

आग्निया हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

धुकं काही हटेना. सेव्का तसाच शुबिनला गाठायला निघून गेला. चुमात नारा आणि आग्निया दोघीच राहिल्या. पाय सुजून काळा पडला होता, अंगात ताप होता. नारा तिला चमच्याने रस्सा पाजायची, केस पुसायची, मध्येच शिव्या घालायची. तापात आग्निया एकच पालुपद लावून होती, "माझ्यामुळे तुला जावं लागलं. तुझे लोक तुला काय म्हणतील? माझ्यामुळे."

शेवटी नाराला राग आला. "तुझ्यामुळे काय? मला कुणी दोरी बांधून नेलं नाही. माझ्या पायांनी गेले मी."

आभाळ उघडल्यावर हेलिकॉप्टर आलं आणि आग्नियाला घेऊन गेलं. नाराने चूम मोडला, स्लेज बांधल्या आणि नेहमीच्या लांबच्या वळशाने, नदीच्या पल्याडून, परत निघाली. आता एकदा पलीकडे गेलेच आहे, तर जवळची वाट धरावी असं तिच्या मनातही आलं नाही.

बातमी तिच्या आधी पोचली होती. सेव्काने गावातल्या दुकानाशी ती अभिमानाने सांगितली होती. पण टुंड्रात बातमी चुमाचुमांतून फिरते तेव्हा प्रत्येक जण तिला आपली फोडणी देतो. सासू पुब्ताकडून परत आली तेव्हा काही बोलली नाही. निखाऱ्यावर चरबी आणि रानगवत टाकून तिने सुनेला धुरी दिली, स्लेजला दिली, हरणांना दिली. मग म्हणाली, "खायला वाढ."

त्या हिवाळ्यात, नेमकं त्याच हिवाळ्यात, पाऊस पडला. बर्फावर पाऊस आणि त्यावर कडाक्याची थंडी. सगळ्या टुंड्रावर काचेसारखा थर बसला. हरणं खुरांनी फोडून फोडून रक्तबंबाळ झाली, पण खालचं शेवाळ काही हाती लागेना. वसंत येईपर्यंत पुब्ताचा कळप अर्धा झाला होता. नाराचीही बरीच हरणं गेली, पण ते कोण बघतो.

पुब्ता चुमात आला. नाराने शाल ओढली. या वेळी तो आईकडे वळला नाही. सरळ सुनेला बोलला, आणि त्याने तसं करणं हाच मोठा अपमान होता.

"गेली होतीस ना वर? झालं समाधान? बाहेर जाऊन बघ, मेलेल्या हरणांना कावळे पुरेनासे झालेत."

नाराने शाल आणखी खाली ओढली.

"पुब्ता," म्हातारी म्हणाली, "खाली बस."

"मी बसायला आलो नाही."

"मग उभा राहून ऐक. तू पोटात होतास त्या वर्षी याहून वाईट बर्फ झालं होतं. माझ्या माहेरचा आख्खा कळप गेला. तेव्हा कोण बाई गेली होती वर?"

म्हातारी नाराकडे वळली. इतके महिने तिने एक शब्द विचारला नव्हता; आता विचारला.

"तोंड झाकलं होतंस?"

"हो."

"मान वर केलीस?"

"नाही."

"काही आणलंस तिथून? दगड, धोंडा?"

"नाही. तिचेही तिथेच राहिले."

"आणि उतरताना? त्याला पाठ दाखवलीस?"

नाराला आठवावं लागलं. "नाही. ती जड होती. ओढत ओढत उलटी उतरले. तोंड त्याच्याकडेच होतं, डोळे खाली."

"मग झालं," म्हातारी म्हणाली. "सुनेने जसं जायचं तशी गेली, जसं निघायचं तशी निघाली. आणखी काय करायचं असतं?"

पुब्ताला ते पटलं नाही. त्याच्याही बाजूने बघावं लागतं. त्याच्या डोळ्यांदेखत हरणं पाय झाडत गेली होती, आणि कुणालातरी दोष दिल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. त्याने सांगून टाकलं की यंदा नाराच्या स्लेज त्याच्या कळपामागून येणार नाहीत. मग आईला म्हणाला, "तू चल. तुझं सामान बांधतो."

"बांध," म्हातारी म्हणाली. "पण हिच्या स्लेजवर टाक."

ती दोन वर्षं दोघींना जड गेली. कळप थोडा, मदतीला पुरुष नाही. एका तळ्याकाठी राहून दोघी जाळी टाकायच्या. मासे, मासे आणि मासे. म्हातारी म्हणायची, "आता मला कल्ले फुटतील." उन्हाळ्यात पिरी यायची तेव्हा आजी-नात मिळून नाराची थट्टा करायच्या, की हिने एक रशियन बाई पकडून आणली आणि परत सोडून दिली, निदान पोसून कापायची तरी.

मग एका जुलैत आग्निया आली. काठी टेकत, एक पाय ओढत. चुमात शिरून तिने म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि नाराच्या गळ्यात पडली. मग नारा म्हणाली, "आज तरी चहा घेशील ना?" आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

आग्नियाने नकाशाचा कच्चा कागद पसरला. खोरी, ओढे, कडे, सगळं बारीक रेघांनी भरलं होतं. मधला पांढरा ठिपका गेला होता. शुबिनने पुढच्या उन्हाळ्यात तो डोंगर पुरा केला होता. त्याच्या माथ्यापाशी मात्र नावाची जागा मोकळी होती.

"शुबिन म्हणतो, आपल्या प्राध्यापकांचं नाव देऊ. मी म्हटलं, थांबा. तुम्ही सांगाल ते लिहीन. तुमचं खरं नाव लिहू?"

नाराने सासूकडे बघितलं. म्हातारीने कागदावर बोट फिरवलं, डोंगर कुठला, नदी कुठली ते विचारून घेतलं, बराच वेळ बघितलं.

"त्याला नाव आहे," ती शेवटी म्हणाली. "ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. कागदाला कशाला सांगायचं?"

"मग दुसरं कुणाचं तरी लिहितील."

"तू लिहू देऊ नकोस," नारा म्हणाली.

आग्नियाने त्यासाठी काय काय केलं, कुणाकुणाशी भांडली, हे आम्हाला पुरतं कळलं नाही. शुबिन तिच्याशी वर्षभर बोलत नव्हता एवढं सेव्काने सांगितलं. पण छापलेला नकाशा आला तेव्हा त्या माथ्यावर उंचीचा आकडा होता, नाव नव्हतं. अजूनही नाही.

म्हातारी त्यानंतर लवकरच गेली. तिला घराण्याच्या दफनभूमीत न्यायचं म्हणजे पुब्ताला बोलावणं आलंच. तो आला, सगळं रीतीप्रमाणे केलं. परतताना तो आणि नारा आपापल्या स्लेजपाशी उभे राहिले, आणि दोघांच्याही लक्षात आलं की आता मध्ये बोलायला कुणी नाही. पुब्ता बराच वेळ लगाम चाचपत राहिला. शेवटी त्याने आपल्या पुढच्या हरणाच्या मानेवर थाप मारली आणि त्यालाच म्हणाला, "तिला सांग, शरदात कळप खाली उतरेल तेव्हा तिच्या स्लेज मागून आल्या तरी चालेल." नारा शालीआडून हसली की रडली, कुणास ठाऊक. त्या शरदात तिच्या स्लेज त्याच्या कळपामागून आल्या.

दगडवाल्यांचं काम संपलं, ते दुसरीकडे गेले. नाराने पुढे बायदारात्स्काया उपसागराकडच्या एका विधुराशी लग्न केलं. हुदी घराण्यातला, भयंकर बडबड्या माणूस. 'याच्याशी बोलायला मध्ये कुणी लागत नाही, हाच बोलतो,' असं ती म्हणायची आणि सुखात होती. पिरी परिचारिका झाली.

आग्नियाने नाराला एकदा लेनिनग्राडला बोलावलं. नारा गेली, आगगाडीने, नवऱ्याला न घेता. महिनाभर राहीन म्हणाली होती, आठवड्यात परतली. आम्ही सगळे तिच्या चुमात जमलो. कसं आहे शहर, काय काय पाहिलंस, सांग की!

"सपाट आहे," ती म्हणाली. "फार सपाट. आग्नियाच्या खोलीत दगडच दगड, बसायला जागा नाही. तिच्या लंगड्या पायासाठी मी बूट नेले होते, ते तिने घातले आणि पूर्ण वेळ काढलेच नाहीत, बाहेरसुद्धा तेच घालून हिंडली. लोक वळून वळून बघत होते."

"आणि?"

"आणि काय? उद्या कळप हलायचा आहे. उठा आता, मला सामान बांधायचंय."